गेलेला कारखाना परत येतो तेव्हा

जून २०२५मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातून, लुईव्हिल शहरातून एक बातमी आली. 'जीई अप्लायन्सेस' ही घरगुती यंत्रे बनवणारी कंपनी चीनमध्ये होणारे कपडे धुण्याच्या यंत्रांचे उत्पादन लुईव्हिलला आणणार होती. ४९ कोटी डॉलरची गुंतवणूक, ८०० नोकऱ्या. मथळ्यात न मावलेली गोष्ट अशी, की ही कंपनी २०१६पासून अमेरिकन मालकीची राहिलेलीच नाही. जनरल इलेक्ट्रिकने आपला हा जुना धंदा त्या वर्षी साडेपाचशे कोटी डॉलरच्या आसपास किंमत घेऊन चीनमधल्या चिंगदाओच्या हायर समूहाला विकून टाकला. म्हणजे चिनी मालकाने चीनमधले काम उचलले आणि अमेरिकेत नेऊन ठेवले. देशप्रेमाच्या भाषेत या व्यवहाराचा काही अर्थ लागत नाही. आयात शुल्क, जहाजभाडे आणि गिऱ्हाईक कुठे राहते याचा हिशेब मांडला की लगेच लागतो.

परदेशी गेलेले उत्पादन मायदेशी आणण्याचा हा उद्योग गेली पंधरा वर्षे चालू आहे. अमेरिकेत तो जास्त गाजला, जपानने त्यासाठी सरकारी तिजोरी उघडली, आणि २०२०नंतर आपल्याकडेही औषधांच्या कच्च्या मालाच्या निमित्ताने तो सुरू झाला. वर्तमानपत्रे या विषयाकडे दोनदाच फिरकतात: घोषणेच्या दिवशी आणि फीत कापायच्या दिवशी. त्यानंतर चार वर्षांनी त्या गेटात किती माणसे शिरतात, माल कोण घेते, कोणत्या भावाने घेते, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. हे पुस्तक मुख्यतः त्या नंतरच्या वर्षांबद्दल आहे.

कारखाने गेले कसे, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. मजुरी स्वस्त होती म्हणून गेले, हे उत्तर खरे आहे, पण अर्धवट. आशियात मजुरी १९३०मध्येही स्वस्तच होती. तेव्हा अमेरिकेतला मोटारींचा किंवा फ्रिजचा कारखाना तिकडे गेला नाही, कारण माल परत आणण्याचा खर्च आणि कटकट मजुरीतली बचत खाऊन टाकत होती. २६ एप्रिल १९५६ला 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याची ही कल्पना. सुटा माल हमालांकरवी चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. पेट्यांमुळे तो खर्च १६ सेंटांच्या आत आला. पुढची चाळीस वर्षे ही पेटी जगभर पसरत गेली. १९९४मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात मुक्त व्यापाराचा करार लागू झाला आणि डिसेंबर २००१मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेच्या कारखान्यांत १९७९मध्ये १ कोटी ९५ लाख माणसे काम करत होती. २०१०च्या सुरुवातीला ती १ कोटी १५ लाखांवर आली होती. यातल्या पुष्कळ नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या हे खरेच. पण अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर, डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०११ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा केवळ चीनमधून वाढलेल्या आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या असे निघाले. त्या देशभर सारख्या विखरून गेल्या असत्या तर कदाचित पचल्याही असत्या. फर्निचर आणि कापडावर जगणाऱ्या ठरावीक गावांतून त्या गेल्या आणि ती गावे बसली ती बसलीच.

यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो कंपन्यांच्या आतला हिशेब. खरेदी खात्यातल्या माणसाची पाठ थोपटली जाते ती नगामागे किती पैसे वाचवले यावर. तो चीनमधल्या शेन्झेनचा भाव आणि ओहायोचा भाव शेजारी शेजारी ठेवतो आणि शेन्झेनला ऑर्डर देतो. मग माल पाच आठवडे पाण्यावर असतो, तेवढे पैसे अडकून पडतात. ते व्याज वित्त खात्याच्या माथी. जास्तीचा साठा ठेवावा लागतो, त्याचे भाडे गोदामाच्या खात्यावर. दर दोन महिन्यांनी इंजिनिअर विमानाने जाऊन येतो, तो प्रवासखर्च. पहिल्या कंटेनरमध्ये दोष सापडला तर मागून समुद्रात असलेल्या चार कंटेनरांतही तोच दोष असणार, त्याचा भुर्दंड दर्जा तपासणाऱ्यांवर. खरेदीवाला मात्र बचत केल्याबद्दल बक्षीस घेऊन मोकळा.

हॅरी मोझर यांनी २०१०मध्ये 'रिशोअरिंग इनिशिएटिव्ह' ही संस्था काढली ती हाच मुद्दा घेऊन. मोझर यंत्रांच्या धंद्यातले. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी सिंगर शिलाई यंत्रांचा जो प्रचंड कारखाना होता, त्यात त्यांचे वडील आणि आजोबा काम करत. या सगळ्या विखुरलेल्या खर्चांची एकत्र बेरीज करणारा एक तक्ता त्यांनी कंपन्यांना फुकट उपलब्ध करून दिला. देशासाठी काही करा असे ते म्हणत नाहीत, नीट बेरीज करा एवढेच म्हणतात. त्यांच्या संस्थेचे वार्षिक आकडे मात्र बेताने घ्यावेत. ते बहुतांशी घोषणांवर बेतलेले असतात आणि परदेशी कंपन्यांनी अमेरिकेत काढलेले नवे कारखानेही त्यात धरलेले असतात. तक्ता उत्तम, जाहिरात थोडी जास्त.

आता पुन्हा लुईव्हिलला जाऊ. 'अप्लायन्स पार्क' हे जीईचे कारखान्यांचे आवार १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले. एवढे मोठे, की टपाल खात्याने त्याला स्वतंत्र पिनकोड दिला. १९७३मध्ये तिथे २३,००० माणसे कामाला होती. २०११मध्ये दोन हजारही उरली नव्हती. २००८मध्ये जीईने हा सगळा धंदा विकायला काढला होता, पण मंदीत गिऱ्हाईक मिळाले नाही. मग जेफ्री इमेल्ट या तेव्हाच्या प्रमुखांनी नेमकी उलटी दिशा धरली. काम बाहेर देणे ही जीईच्या घरगुती यंत्रांच्या धंद्यापुरती आता कालबाह्य होत चाललेली पद्धत आहे, असे त्यांनी मार्च २०१२मध्ये छापून सांगितले. त्याच्या महिनाभर आधी लुईव्हिलच्या एका रिकाम्या पडलेल्या इमारतीत 'जिओस्प्रिंग' नावाच्या वॉटर हीटरची जुळणी सुरू झाली होती.

हा हीटर आसपासच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, त्यामुळे नेहमीच्या विजेच्या हीटरच्या निम्म्याहून कमी वीज खातो. त्याचा आराखडा लुईव्हिलचा, पण तो बनायचा चीनमध्ये, आणि अमेरिकेत विकला जायचा १,५९९ डॉलरला. काम परत आणायचे ठरल्यावर इंजिनिअर, जुळणीच्या ओळीवरचे कामगार आणि विक्रीवाले असे सगळे एका मोठ्या खोलीत बसले. त्यांनी तो हीटर सुटा करून मधोमध ठेवला आणि बनवायचा कसा ते पाहू लागले. आत तांब्याच्या नळ्यांचे असे जंजाळ होते, की झाळ देणाऱ्याचा हात सांध्यापर्यंत धड पोचेना. ज्यांनी तो कागदावर काढला होता त्यांनी तो कधी हाताने जोडला नव्हता. जे चीनमध्ये जोडत होते त्यांच्या तक्रारी लुईव्हिलपर्यंत येतच नव्हत्या. माणसे स्वस्त होती, दहा तास लागत होते तर लागोत, असा तो मामला. एका वेड्यावाकड्या आराखड्याचा खर्च स्वस्त मजुरी भरून काढत होती आणि कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

मग आराखडाच नव्याने मांडला. पाचातला एक सुटा भाग वगळता आला. मालाचा खर्च पाव हिश्श्याने उतरला. चीनमध्ये एका नगाला दहा तास लागत, ते लुईव्हिलला दोन तासांवर आले. बोटीचे चार आठवडे आणि सीमाशुल्काचा एक आठवडा वाचला. तयार माल अर्ध्या तासात कंपनीच्याच गोदामात जाऊ लागला. विक्रीची किंमत १,२९९ डॉलर झाली. चीनमध्ये बनलेल्या हीटरपेक्षा अमेरिकेत बनलेला हीटर तीनशे डॉलरनी स्वस्त! पत्रकारांनी या गोष्टीवर उड्या मारल्या त्यात नवल नाही.

या आकड्यांच्या मागे आणखी एक आकडा आहे, तो घोषणांमध्ये नसतो. लुईव्हिलच्या कामगार संघटनेने २००५मध्येच दुहेरी वेतन मान्य केले होते. जुन्या कामगाराला तासाला २१-२२ डॉलर, आणि नव्याने लागणाऱ्याला साडेतेराच्या आसपास. शेजारी शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात इतका फरक. परत आलेल्या नोकऱ्या मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या होत्या. १९७३चा लुईव्हिलचा कामगार त्या पगारावर घर घेत होता. २०१२मध्ये त्याच्या जागी आलेल्या मुलाला तसे जमले असते असे मला वाटत नाही.

आणि 'जिओस्प्रिंग'चे पुढे काय झाले? खप अपेक्षेएवढा झाला नाही आणि २०१६च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले, म्हणजे हायरने कंपनी घेतली त्याच वर्षी. या विषयावरच्या कितीतरी लेखांत आणि भाषणांत हा हीटर विजयपताकेसारखा नाचवला गेला आहे. तो बंद पडल्याचे सांगणारे थोडेच. पण याचा अर्थ सगळा प्रयत्न फसला असाही मी लावत नाही. त्या खोलीत जी पद्धत बसली, आराखडा करणारा आणि जोडणारा यांना एकत्र बसवण्याची, तिच्या जोरावर लुईव्हिलला पुढे इतर यंत्रे बनत राहिली. २०२५ची घोषणा दुसऱ्याच कुठल्या ओसाड आवाराबद्दल झाली नाही, इथल्याबद्दल झाली. वस्तू गेली, पण ती बनवण्याची सवय मागे उरली होती.

ही सवय एकदा मोडली की काय होते ते ॲपलला टेक्ससमध्ये कळले. २०१२च्या अखेरीस कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी एक मॅक संगणक अमेरिकेत बनवण्याचे जाहीर केले आणि २०१३चा 'मॅक प्रो' ऑस्टिनमध्ये जुळवला जाऊ लागला. संगणक तीन हजार डॉलरचा आणि अडला तो एका खास मापाच्या छोट्या स्क्रूपाशी. ज्या वर्कशॉपला काम दिले होते ते वीस माणसांचे, दिवसाला फार तर हजार स्क्रू काढू शकणारे. चीनमध्ये असे स्क्रू हव्या त्या संख्येने, हव्या त्या वेळी मिळतात. शेवटी ॲपलने स्क्रू चीनमधून मागवले. त्या वर्कशॉपच्या मालकानेही २८,००० स्क्रू स्वतःच्या गाडीतून बावीस खेपा करून पोचवले. पुण्याजवळच्या भोसरीत टेम्पोतून जॉब पोचवणाऱ्या कुणाला या खेपांचे काही वाटणार नाही. पण भोसरीत त्या खेपांच्या दुसऱ्या टोकाला प्लेटिंगवाला असतो, डायवाला असतो, उष्णसंस्कार करून देणारा असतो. अमेरिकेत ती साखळी विरून गेली होती. मोठा कारखाना परत आणता येतो. त्याच्याभोवतीची शेदोनशे छोटी वर्कशॉप्स कोणी 'परत' आणत नाही, कारण ती कुठे गेलेलीच नसतात; ती बंद पडलेली असतात.

ओटिस या लिफ्टच्या कंपनीची गोष्ट यासारखीच. मेक्सिकोतल्या नोगालेसचे काम तिने साउथ कॅरोलायनातल्या फ्लोरेन्सला आणले. कारखाना हलवणे आणि नवी संगणकप्रणाली बसवणे ही दोन्ही कामे एकदम काढली, कसबी माणसे पुरेशी मिळाली नाहीत, ऑर्डरी रखडल्या आणि गिऱ्हाइके वैतागली. यापेक्षा जास्त त्यात शिकण्यासारखे मला काही दिसत नाही.

आदिदासचे प्रकरण वेगळे आणि जास्त बोलके आहे. बव्हेरियातल्या हेर्झोगेनआउराखमध्ये जन्मलेल्या या कंपनीचे जोडे कित्येक वर्षे आशियातच बनत आले. २०१६मध्ये तिने घराजवळच, आन्सबाखला, 'स्पीडफॅक्टरी' नावाचा जवळजवळ स्वयंचलित कारखाना काढला, मग अमेरिकेत अटलांटाजवळ दुसरा. यंत्रमानव जोडे शिवणार, गिऱ्हाइकाच्या दारात कारखाना असल्याने फॅशन बदलली की आठवड्याभरात नवा जोडा बाजारात, असे स्वप्न होते. प्रत्येक कारखान्यात माणसे जेमतेम दीडशे-पावणेदोनशे आणि वर्षाला पाच लाख जोड हे लक्ष्य. कंपनी वर्षाला चाळीस कोटींहून जास्त जोड विकते, त्यात हे किती? शिवाय ती यंत्रे ठरावीक घडणीचेच जोडे करू शकत. नोव्हेंबर २०१९मध्ये कंपनीने दोन्ही कारखाने बंद करणार असल्याचे सांगितले आणि तिथे विकसित झालेले तंत्र व्हिएतनाम आणि चीनमधल्या आपल्या पुरवठादारांकडे नेले. घरी आणलेले काम नव्या अवजारांसकट पुन्हा परदेशी गेले. जोड्यांच्या धंद्याचे ज्ञान ज्यांच्या हातात होते त्यांच्याकडेच ती अवजारे गेली, असेही म्हणता येईल.

आता आपल्याकडचे. मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये म्हणून ओढूनताणून आणलेले हे उदाहरण नाही. आपल्याकडच्या पेनिसिलीनची कथा पिंपरीतच सुरू होते.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी १९५४मध्ये पिंपरीला स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि १९५५मध्ये उत्पादन सुरू झाले. पिंपरी तेव्हा गावच होते. आजच्या उद्योगनगरीतले जे अगदी पहिले मोठे कारखाने, त्यातला हा एक. तिथे नुसते दुसऱ्याचे तंत्र राबवले जात नव्हते. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या प्रयोगशाळेत बुरशीच्या संसर्गावरचे हॅमायसिन हे औषध सापडले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना' असे ठेवले आहे. गावाचे नाव सूक्ष्मजीवाला मिळण्याचा मान महाराष्ट्रात फार गावांच्या वाट्याला आला नसावा.

पेनिसिलीन करायचे म्हणजे एक बुरशी पाळायची. लाखभर लिटरच्या पोलादी टाक्यांत साखर आणि मका भिजवून उरलेले पाणी असे तिचे खाणे असते. तिला सतत निर्जंतुक हवा लागते, आणि ती वाढताना इतकी उष्णता सोडते, की अष्टौप्रहर थंड पाणी फिरवावे लागते. एक घाणा, म्हणजे एक बॅच, साधारण आठवडाभर चालतो. मध्येच काही तास वीज गेली तर आठवडा फुकट. एखादा परका जंतू आत शिरला आणि तो पेनिसिलीन फोडणारे विकर सोडणारा निघाला तर टाकीभर औषधाचे सांडपाणी होते. सगळ्यात मोलाचे असते ते बुरशीचे वाण. १९४३मध्ये अमेरिकेत पिओरियाला एका सडक्या खरबुजावर सापडलेल्या बुरशीचे हे वंशज. पिढ्यानपिढ्या निवड करून जास्तीत जास्त पेनिसिलीन देणारे वाण प्रत्येक कंपनी जपते. घरात विरजण जपतात तसे. ज्या घरात दही लावणे बंद झाले तिथले विरजण संपते आणि मग शेजारी मागावे लागते.

आपल्याकडे ते संपले. नव्वदच्या दशकात आयात शुल्क उतरले. त्याच सुमारास चीनने सरकारी पाठबळावर टाक्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या आणि पेनिसिलीनचा भाव पडला. पिंपरीची कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. गुजरात, तामिळनाडूतल्या खासगी कंपन्यांनीही हळूहळू टाक्या बंद केल्या. यात कोणी फार हळहळले नाही, हे नमूद करायला हवे. पेनिसिलीनपासून होणाऱ्या ॲमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांना कच्चा माल स्वस्त मिळत होता, रुग्णाला गोळी स्वस्त मिळत होती, आणि 'जगाचे औषधालय' ही आपली पाटी तशीच झळकत होती. औषधांच्या कच्च्या मालाच्या आयातीतला दोन-तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा चीनचा झाला, आणि पेनिसिलीनच्या बाबतीत तर जवळजवळ सगळाच.

मग २०२० उजाडले. चीनमधले कारखाने बंद, पुरवठ्याची शाश्वती नाही. ३ मार्चला भारत सरकारने पॅरासिटॅमॉलसारखी कच्ची औषधे आणि त्यांपासून बनणारी औषधे अशा एकूण २६ पदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जगाच्या औषधालयाला आपल्याच फळ्या लावून घ्याव्या लागल्या. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली, ४१ कच्च्या पदार्थांसाठी. आंबवण प्रक्रियेने होणाऱ्या पदार्थांना, म्हणजे पेनिसिलीनलाही, विक्रीच्या २० टक्के अनुदान. तिच्या आधाराने अरबिंदो फार्माच्या 'लायफियस' या उपकंपनीने आंध्र प्रदेशात काकिनाड्याला वर्षाला १५,००० टन क्षमतेचा कारखाना उभारला आणि २०२४मध्ये तिथे पेनिसिलीन जी बनू लागले. काही दशकांच्या खंडानंतर आपल्याकडे पुन्हा विरजण लागले.

आणि लागता लागताच चिनी पेनिसिलीनचे भाव खाली आले. किमान आयात किंमत ठरवून द्या, नाहीतर हा कारखाना टिकणार कसा, अशी मागणी पुढे आली. तिला विरोध करणारेही भारतीयच, कारण कॅप्सूल बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना कच्चा माल महाग पडणार. ॲमॉक्सिसिलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या विक्रीच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. म्हणजे कच्चा माल महागला तरी गोळीचा भाव चढवता येत नाही. एक खाते म्हणते देशी माल घ्या, दुसरे खाते म्हणते गोळी स्वस्तच ठेवा. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. मधला फरक कोणी सोसायचा हे कोणीच सांगत नाही, आणि माझ्या मते या विषयाची सगळी अडचण इथेच आहे.

कारण तो फरक दरवर्षी सोसावा लागतो. टेक्ससमधली प्रेस्टिज अमेरिटेक ही मास्क बनवणारी कंपनी २००९च्या स्वाइन फ्लूच्या वेळी मागणी पाहून वाढली. जागा घेतली, यंत्रे घेतली, माणसे घेतली. साथ ओसरली, रुग्णालये पुन्हा स्वस्त परदेशी मास्कांकडे वळली आणि कंपनी बुडता बुडता वाचली. २०२०मध्ये सगळे पुन्हा तिच्या दाराशी आले, तेव्हा दीर्घ मुदतीच्या खरेदी कराराशिवाय यंत्र वाढवणार नाही, अशी तिच्या मालकांची भूमिका होती. लोभी म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मला ते या विषयातले सगळ्यात शहाणे गृहस्थ वाटतात. जपानने एप्रिल २०२०मध्ये देशी उत्पादनासाठी सुमारे २२,००० कोटी येन काढले, त्यातून मास्कचेही कारखाने झाले. पण कारखाना उभारायला पैसे देणे आणि त्यातला माल घेत राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारांना पहिली करायला आवडते.

म्हणून माझे मत एकदाच स्पष्ट मांडतो. पुढच्या पानांवर ते पुन्हा पुन्हा सांगत बसणार नाही. सगळे काम परत आणण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. जोडे परदेशी बनले म्हणून कोणाचे बिघडत नाही. ज्यांच्यावाचून एखाद्या वर्षी माणसे मरतील अशा मोजक्या वस्तूंपुरता हा खर्च करावा, आणि तो करायचाच तर गिऱ्हाइकाने, बहुधा सरकारी गिऱ्हाइकाने, महाग देशी माल ठरावीक वर्षे घेण्याची सही आधी करावी. आणखी एक, जे आता पिंपरीच्या बाबतीत सांगून उपयोग नाही, पण इतर धंद्यांत आहे: शेवटचा कारखाना बंद होऊ देण्याआधी तो लहान करून, तोट्यात का होईना, चालू ठेवता येतो का ते पाहावे. टूलरूम, वाण आणि ती हाताळणारी दहा-पंधरा माणसे टिकली तर वीस वर्षांनी मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागत नाही.

पुढील प्रकरणे देशांप्रमाणे लावली आहेत, पण ती त्याच क्रमाने वाचायला हवीत असे नाही. ज्यांना कारखान्याच्या आतले तपशील आवडतात त्यांनी लुईव्हिलपासून सुरुवात करावी. ज्यांना राजकारणात रस आहे त्यांनी थेट आयात शुल्काच्या प्रकरणाकडे जावे. काकिनाड्याचे प्रकरण मात्र सगळ्यांनी वाचावे, अशी विनंती आहे, कारण त्याचा शेवट अजून व्हायचा आहे. पेनिसिलीनवरचे २० टक्के अनुदान २०२६-२७पर्यंत आहे, त्यापुढच्या वर्षी ते १५ टक्के होईल, २०२८-२९मध्ये ५ टक्के, आणि त्यानंतर योजनेत काहीच नाही.